घरच्या गाडीकामाला टॉर्क पाना कुठला घ्यायचा

तुम्ही विचारलंय की वॅगनआर आहे, चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅड, ऑइल बदलणं एवढं सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करता, आणि ऑनलाइन दोन-अडीच हजारांत २८ ते २१० न्यूटन मीटरचा अर्धा इंची (सॉकेट बसतो तो चौकोनी ड्राइव्ह अर्ध्या इंचाचा) क्लिकवाला टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोराला आवळला की टक् करून सांगणारा पाना, दिसतोय, तर तो घ्यावा का अजून पैसे घालून डिजिटल घ्यावा, आणि भरवशाचा म्हणजे नक्की कुठल्या कंपनीचा. आता कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे पण त्याने तुमचं काम होणार नाही, चांगल्या कंपनीचा पण चुकीच्या रेंजचा पाना घेतलात तरी ड्रेन प्लगचे (इंजिनातलं ऑइल सोडायच्या बोल्टचे) आटे जायचे ते जाणारच. गोरेगावात माझं वर्कशॉप आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय, कोणी स्वतःची गाडी स्वतः नीट उघडून नीट बंद करतो म्हटलं की मनापासून बरं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर आधी. तो २८ ते २१० वाला चाकांच्या नटांना चालेल, पण घेतल्यावर तपासून घ्यायचा, कसा ते खाली सांगतो. ड्रेन प्लगला, स्पार्क प्लगला आणि कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) छोट्या बोल्टला तो वापरायचा नाही. डिजिटल तुम्हाला लागत नाही. आणि भरवशाचा पाना म्हणजे ज्याचा आकडा तुम्ही पडताळू शकता तो, मग त्यावर नाव कुठलंही असो.

आता हे असं का. घरी तुम्ही जी कामं करणार त्यांचे आकडे बघा, हे साधारण आहेत, तुमच्या गाडीचे मॅन्युअलमधूनच घ्यायचे. चाकाचे नट मारुतीच्या छोट्या गाड्यांना ८५ ते १०० न्यूटन मीटर, होंडाच्या बहुतेक गाड्यांना १०८, टोयोटाला १०३, फोक्सवॅगन पोलोला १२०. कॅलिपरचं ब्रॅकेट जे नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरलेलं असतं त्याचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत ८० ते ११० मध्ये, पण त्याच कॅलिपरच्या स्लाइड पिनचे (कॅलिपर ज्यावर सरकतो त्यांचे) बोल्ट फक्त २२ ते ३५. इंजिन ऑइलचा ड्रेन प्लग ३५ ते ४०. स्पार्क प्लग वायसरवाला एम १४ (आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर) आणि इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर २५ ते ३०, एम १२ असेल तर १५ ते २०, आणि एम १० चे बारके प्लग आले असतील तर १० ते १२. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट १० च्या आसपास. म्हणजे कामाचे तीन गट पडतात, दहाच्या आसपासचे, वीस ते चाळीसचे आणि ऐंशी ते एकशेवीसचे, आणि हे तिन्ही एका पान्यात बसत नाहीत, कितीही महाग घ्या.

का बसत नाहीत, तर टॉर्क पान्यांचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ६७८९, त्यात पान्याची अचूकता त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतच बघतात. क्लिकवाल्या सेटिंगच्या पान्याला कमाल १० न्यूटन मीटरच्या वर असेल तर अधिक-उणे ४ टक्के चूक मान्य आहे, दहा किंवा त्याखालच्याला ६ टक्के. आता तुमचा २१० चा पाना घ्या, २१० चे २० टक्के ४२. म्हणजे नळीवर २८ पासून रेघा आहेत पण ४२ च्या खाली तो काय दाखवतो त्याची हमी स्टँडर्डप्रमाणे कुणी देत नाही, आणि तुमचा ड्रेन प्लग आहे ३५ चा. चांगले बनवणारे हे पाळतात, नॉरबारचे पाने बघा, १० ते ५०, २० ते १००, ४० ते २०० असेच येतात, खालचा आकडा बरोबर कमालच्या २० टक्क्यांवर. त्यामुळे पाना बघताना आधी कमाल आकडा बघायचा, त्याला पाचने भागायचं, आणि आपलं काम त्याच्या वर आहे का ते बघायचं, शक्यतो मधल्या भागात येईल असं. हे एवढं केलं तरी निम्मी निवड झाली.

म्हणून माझा सल्ला दोन पाने. एक अर्धा इंची ४० ते २०० वाला चाकांना आणि ब्रॅकेटला, आणि एक थ्री बाय एट इंची ड्राइव्हचा १० ते ५० किंवा १० ते ६० वाला प्लग, ड्रेन, स्लाइड पिन यांना. एकदम दोन नको असतील तर आधी कुठला, तर लोक चाकांचा घेतात, मी म्हणेन की ऑइल स्वतः बदलत असाल तर आधी छोटा घ्या. चाकाचा स्टड (ज्यावर नट बसतो तो) स्टीलचा, तो बऱ्यापैकी सहन करतो, आणि नट दर वेळी डोळ्यासमोर असतो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं, हेड तर असतंच, तिथे हाताला कळायच्या आत आटे जातात, मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला नाहीतर अख्खं चेंबर बदला, आणि हेडमधल्या प्लगच्या आट्यांचं झालं तर खर्च विचारूच नका. एकच पाना घेऊन दोन्ही भागवायचं असेल तर २० ते १०० वाला बघा, ८५ चे नट आणि ३५ चा ड्रेन दोन्ही त्यात येतात, फक्त तुमच्या नटांचा आकडा १०० च्या आत आहे याची खात्री करून.

प्रकारांचं थोडक्यात. क्लिकवाल्यात आत स्प्रिंग असते, मूठ फिरवली की ती दाबली जाते, ठरलेला जोर आला की आतला ठोकळा सरकतो आणि हाताला टक् लागतो. बंद जागेत, काटा दिसत नाही तिथे हाच सोयीचा. दुसरा काट्याचा, ज्यात दांडाच वाकतो आणि सुई पट्टीवर आकडा दाखवते, दिसायला जुनाट पण आत बिघडण्यासारखं काहीच नाही, सुई शून्यावरून हलली तर हाताने परत शून्यावर आणायची, झालं. स्टँडर्डमध्ये त्याला ६ टक्के मान्य आहेत. फक्त सुईकडे बरोबर समोरून बघावं लागतं, तिरकं बघितलं की आकडा बदलतो, आणि ज्याची मूठ पिनवर डुलती असते ती डुलती ठेवूनच ओढायची, मूठ कलून दांड्याला टेकली की आकडा खोटा. घरच्या वापराला, ज्याला पडताळायची कटकट नको त्याला, मी अजूनही काट्याचा सांगतो, पण दुकानात हल्ली कमी मिळतो.

डिजिटल वाईट नाही, चांगल्याची अचूकता २ टक्क्यांपर्यंत असते आणि काही कोन पण मोजतात, हेड बोल्टसारख्या ठिकाणी जिथे आधी ठरलेला टॉर्क आणि मग ९० अंश असं असतं तिथे कामाचं. पण तुम्ही हेड उघडणार नाही आहात. आणि मुंबईच्या पावसाळ्यात चार महिने डिकीत नाहीतर माळ्यावर बॅटरी आत ठेवून पडलेला डिजिटल पाना टर्मिनलला हिरवं आलेल्या अवस्थेत माझ्याकडे येतो, दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच.

कंपन्यांबद्दल विचारलंत म्हणून. नॉरबार, गेडोरे, स्टालविले, जपानची तोहनिची, ही रोज वापरणाऱ्या वर्कशॉपची आणि कारखान्यांची नावं, घरी वर्षातून चार वेळा वापरायला एवढे पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा, परवडत असेल तर नॉरबारला मी कधीच नको म्हणणार नाही. स्टालविलेच्या मॅनोस्कोप ७३० ला काम झाल्यावर सेटिंग खाली आणायची गरज नसते कारण त्याची रचनाच वेगळी आहे, विसरभोळ्या माणसाला हा मोठा फायदा. मधल्या किमतीत तैवानचे किंग टोनी, जॉन्सवे बघा. आपल्याकडची तापडिया, नाशिकची, तिची साधी हत्यारं तर सगळ्यांच्या पेटीत असतातच. यातलं काहीही घ्या पण कागद बघून घ्या. दुकानातल्या वजनकाट्याला जसा तपासणीचा शिक्का लागतो तसाच हा विषय आहे, नुसतं काट्यावर कंपनीचं नाव असून भागत नाही.

कागद म्हणजे काय बघायचं. डब्यात सर्टिफिकेट असलं पाहिजे आणि त्यावर पान्याचा स्वतःचा सिरीयल नंबर, आणि तोच नंबर पान्याच्या अंगावर कोरलेला. आकडे २० टक्के, ६० टक्के आणि १०० टक्के अशा तीन ठिकाणचे, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच वेळा घेतलेले. नुसतं 'चार टक्के अचूक' असं छापलेलं, सगळ्या डब्यांत एकच झेरॉक्स, नंबर नाही, तर तो कागद नाही असंच समजा. खरेदीला मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, रविवार सोडून, तिथे चार दुकानांत डबा उघडून दाखवतात, हातात घेऊन मूठ फिरवून बघता येते, ऑनलाइनला हे होत नाही. मूठ सगळीकडे सारखी फिरली पाहिजे, मध्येच घट्ट मध्येच ढिली नको, लॉक केल्यावर अजिबात हलता कामा नये, आणि रेघा कोरलेल्या हव्यात, नुसत्या छापलेल्या दोन पावसाळ्यांत पुसल्या जातात. पक्कं बिल घ्या, नामवंत नावांची नक्कल बाजारात फिरते. चोर बाजारात जुना काट्याचा चांगला मिळाला तर खुशाल घ्या, जुना क्लिकवाला मात्र कितीही भारी नाव असलं तरी नको, तो किती वर्षं कुठल्या सेटिंगला दाबून पडलाय कोणाला माहीत.

आता घरी पडताळायची पद्धत, ही मी शिकाऊ पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो. वीस लिटरचा पाण्याचा जार भरून घ्या, भरलेल्याचं वजन सामानाच्या काट्यावर करा, साधारण २०.७ किलो भरेल. ओळखीच्या गॅरेजमध्ये किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे बेंच व्हाइस असतोच, त्यात पान्याचा चौकोनी ड्राइव्ह आडवा धरा म्हणजे पाना जमिनीला समांतर राहील, आणि जार ज्या बाजूला खाली ओढेल ती दिशा आवळायचीच असू द्या. ड्राइव्हच्या मधापासून मुठीच्या मधल्या खुणेपर्यंत अंतर मोजा, समजा ४० सेंटीमीटर. जार बरोबर त्या खुणेवर टांगायचा, कारण बऱ्याच क्लिकवाल्या पान्यांचा आकडा मुठीवर जोर कुठे पडतो त्यावर थोडा बदलतो. २०.७ गुणिले ९.८१ गुणिले ०.४, म्हणजे ८१ न्यूटन मीटर. यात पान्याचं स्वतःचं वजन लोक विसरतात, १.४ किलोचा पाना आणि त्याचा तोल ड्राइव्हपासून २० सेंटीमीटरवर असेल तर अजून पावणेतीन, म्हणजे एकूण ८४ धरा. जिथे ४ टक्क्यांची गोष्ट चालू आहे तिथे हे पावणेतीन सोडून चालत नाही. आता पाना ७८ ला लावा, जार हाताने धरून हळू सोडा, टक् झालं पाहिजे. मग ९० ला लावा, परत हळू सोडा, टक् होता कामा नये. दोन्ही बरोबर आलं तर तुमचा पाना साधारण ७ टक्क्यांच्या आत आहे आणि चाकांना बिनधास्त वापरा. जार धपकन सोडलात तर झटक्याने उगाच टक् होईल, तो धरायचा नाही. छोट्या पान्याला पाच लिटरचा कॅन घेऊन हेच गणित करा. यात फेल झाला तर परत करा. महाग पाना असेल तर ठाणे, अंधेरी, नवी मुंबईच्या औद्योगिक भागात एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅब मिळतील, तिकडे द्या, स्टँडर्डमध्ये पाच हजार वेळा वापर किंवा बारा महिने असं म्हटलंय पण घरच्या वापराला दोन वर्षांनी एकदा आणि पाना हातातून लादीवर पडला तर लगेच, एवढं पुरे.

पाना बरोबर असला तरी बोल्ट बरोबर आवळला जातोच असं नाही, हे पण समजून घ्या. आपण जो जोर लावतो त्यातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, अर्धा नटाच्या बुडाशी, ४० टक्के आट्यांत, आणि फक्त १० टक्के बोल्टला ताणायला उरतात, आणि गाडीला धरून ठेवतो तो हा ताण. म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच आकड्याला ताण एक तृतीयांशाने वाढू शकतो. मुंबईत पावसाळ्यात स्टड गंजतात म्हणून लोक प्रेमाने ग्रीस लावतात आणि वर १०० ला आवळतात, तो आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. स्टड वायर ब्रशने घासा, कोरडा पुसा, नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, तेल नको. स्पार्क प्लगचं पण तसंच, एनजीके कंपनीच्या प्लगवर आधीच प्लेटिंग असतं, ते स्वतःच सांगतात की अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका.

पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनबद्दल एक खास सूचना. गनने आवळलेल्या नटावर घरी येऊन टॉर्क पाना लावला, टक् झाला, लोक खूश होतात की बरोबर आहे. तो टक् फक्त एवढंच सांगतो की नट ठरलेल्या आकड्याच्या खाली नाही. तो दुप्पट आवळलेला असला तरी टक्च होणार. त्यामुळे चाक जमिनीवर असतानाच एकेक नट लांब टॉमीने किंवा चार तोंडी पान्याने अर्धा-पाऊण फेरा ढिला करा आणि मग टॉर्क पान्याने परत आवळा, एक झाला की दुसरा. असमान आवळलेल्या चाकाने ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक डिस्क बदलायला येतात. आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर भर पावसात स्टेपनी लावायची वेळ आली की गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने तो नट सुटत नाही ते वेगळंच.

वापरताना, ढिलं करायला टॉर्क पाना कधीच नाही. चाक पूर्ण लावताना आधी सगळे नट हाताने, मग समोरासमोरचे क्रमाने, आधी निम्म्या आकड्याला, मग गाडी जरा खाली घेऊन टायर जमिनीला टेकला की पूर्ण आकड्याला. मूठ मधोमध धरून सावकाश ओढायचं, टक् झालं की थांबायचं, खात्रीसाठी परत टक् करू नका, दुसऱ्या वेळी नट थोडा पुढे जातोच. सरळ एक्स्टेन्शन लावलं तर आकडा बदलत नाही, पण पान्याच्या रेषेत पुढे क्रोफूट (उघड्या तोंडाचा जोड) जोडला तर लांबी वाढते आणि बोल्टवर जास्त जोर जातो, तो ९० अंशात लावला की हा प्रश्न येत नाही. चाक काढून लावल्यावर ८०-१०० किलोमीटरनंतर एकदा परत तपासा, अलॉय असतील तर नक्कीच. काम झाल्यावर मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली फिरवत जाऊ नका, आतली स्प्रिंग मोकळी होऊन भाग हलतात. बरेच महिने पडून असेल तर कामाआधी मधल्या सेटिंगला पाच-सहा वेळा टक् करून घ्या म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. आत स्प्रे मारू नका, ते ग्रीस धुऊन जातं.

स्केल वाचताना घाई नको. एकाच नळीवर एका बाजूला न्यूटन मीटर आणि दुसरीकडे फूट पाउंड असतं, ८० फूट पाउंड म्हणजे १०८ न्यूटन मीटर, एवढा फरक. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर (kg-m) असतं, ८.५ दिसलं तर ९.८१ ने गुणा, ८३ येतात.

शेवटचं, आकडे कुठून घ्यायचे. गाडीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा चाकांचा आकडा मिळतो, बाकीचे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात. बोल्टच्या मापावरून नेटवर जे जनरल चार्ट फिरतात ते ड्रेन प्लगला अजिबात लावू नका, एम १४ च्या ८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्टला त्यात सव्वाशेच्या आसपास आकडा दिसेल, तो स्टीलमध्ये स्टील बसवायचा, आणि त्याच मापाचा ड्रेन प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरला ३५-४० मध्ये होतो. तुमची वॅगनआर कुठल्या सालची आणि इंजिन एक लिटरचं की बाराशेचं ते कळवा, माझ्याकडच्या मॅन्युअलमधून तुमच्या सगळ्या कामांचे आकडे बघून देतो, तोपर्यंत पाना घेऊ नका, कारण नटाचा आकडा १०० निघाला तर २० ते १०० वाला अगदी टोकाला वापरावा लागेल आणि मग दोन पाने घेणंच बरं.